नऊ तास चाळीस मिनिटं

पहिली बॅटरी संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा विमान सुटून जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. तिचे बाकीचे तास विमानतळावर, उशिरा सुटणाऱ्या विमानाची वाट बघण्यातच गेले होते. सूनबाईने वाकून पायाशी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या यंत्रातली बॅटरी ओढून काढली, पिशवीतली दुसरी खटकन बसवली आणि सासऱ्यांच्या नाकातली नळी सरळ आहे ना ते पाहिलं. यंत्र पुन्हा फुस्स-फुस्स करायला लागलं. सासरे खिडकीशी बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. घरात त्यांना सगळे आबा म्हणत आणि गल्लीत त्यांच्या माघारी घड्याळमास्तर.

"चार राहिल्या," आबा म्हणाले. "एकेक तीन तासांची. रग्गड आहेत."

तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला. उशिराबद्दल माफी मागून झाली, हवामान सांगून झालं, आणि मग तो म्हणाला की समोरून जोराचा वारा आहे, आजच्या उड्डाणाला बारा तास दहा मिनिटं लागतील.

आबांच्या हिशेबात हे उड्डाण नऊ तास चाळीस मिनिटांचं होतं.

हा हिशेब आबांनी महिन्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला होता. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेत नोकरी केली, त्यातली बरीचशी वेळापत्रकं बनवण्यात. कुठली गाडी कुठे किती मिनिटं थांबेल, कुठली कुठल्या गाडीला वाट देईल, हे त्यांच्या डोक्यात असायचं. त्यामुळे विमान कंपनीने जेव्हा कळवलं की प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या बॅटऱ्या सोबत हव्यात, तेव्हा आबांना दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या लायकीचं काम मिळाल्यासारखं झालं. फुप्फुसं थकल्यापासून त्यांना कोणी काही विचारतच नव्हतं.

चिरंजीव, म्हणजे सूनबाईचा नवरा, आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेला होता आणि आता दोघांना कायमचं बोलावत होता. मध्ये तो एकदा येऊन गेला, तेव्हा तिकडून इकडे यायला त्याला नऊ तास पस्तीस मिनिटं लागली होती. आबांनी संगणकावर दोन विमानतळांमधलं अंतर काढायला लावलं. आठ हजार सातशे किलोमीटर निघालं. त्याला ताशी नऊशेने भागलं, नऊ-चाळीस आले. दोन्ही आकडे जुळले म्हटल्यावर आबा खूश.

"पण आबा, तिकिटावर अकरा-पन्नास लिहिलंय," सूनबाई म्हणाली होती.

"लिहिणारच! आम्हीसुद्धा लिहायचो. शेवटच्या स्टेशनाआधी वीस-पंचवीस मिनिटं जादा टाकून ठेवायची, म्हणजे गाडी रखडली तरी वेळेवर पोहोचल्यासारखी दिसते. सगळी वेळापत्रकं अशीच असतात. मला शिकवतेस का?"

"दोन तास जादा?"

"विमानवाल्यांचा सगळाच कारभार मोठा असतो. जायचं अंतर तेवढंच, यायचं अंतर तेवढंच. वाटेत जमीन ताणली जाते का?"

रुळांवर जाणाऱ्या गाडीला वारा अडवत नाही. चौतीस वर्षं रुळांवर काढलेल्या माणसाच्या डोक्यात वारा आलाच नाही. त्यांनी नऊ-चाळीसची दीडपट करून साडेचौदा तास काढले, त्यात पाच बॅटऱ्यांचे पंधरा बसवले आणि अर्ज आपल्या हाताने, सुवाच्य अक्षरात भरला. विमान कंपनीच्या खिडकीतल्या कारकुनाने तो वाचलासुद्धा नाही, नुसता शिक्का मारला.

यंत्र भाड्याने देणारा दुकानदार म्हणाला होता, "सहावी घेऊन जा ताई, पडून राहिली तर राहिली." सूनबाई शाळांचे गणवेश शिवायची. कापड बेतताना चारी बाजूंनी बोटभर माया सोडायचा तिचा हात होता, त्यामुळे सहावी घ्यावी असं तिच्या मनात फार होतं. पण आबा म्हणाले, "ती वीट कोण वाहणार?" आणि ती गप्प बसली. आबांशी वाद घालायचा म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि त्या दिवशी तिला अजून अकरा पिनाफोरना बटणं लावायची होती. आता खुर्चीला पाठ टेकून बसल्यावर तिला स्वतःचा इतका राग आला की दात आवळले गेले.

"बारा-दहा म्हणाला तो," ती म्हणाली.

"ऐकलं." आबांचा चेहरा उतरला होता, पण आकडे सुचत होते. "चार त्रिक बारा, अधिक झालेली चाळीस मिनिटं. बारा-चाळीस. अर्धा तास वर उरतो. बसतंय."

"आणि माझं दोन तासांचं म्हणणं खरं निघालं."

"निघालं. आता त्यावर भाषण करू नकोस."

तिसऱ्या खुर्चीवर, वाटेच्या बाजूला, गळ्यात घोड्याच्या नालासारखी उशी अडकवलेले एक लठ्ठ गृहस्थ होते. डोळ्यांवर पट्टी बांधून, झोपेची गोळी घेऊन ते केव्हाच घोरायला लागले होते. त्यांचं कोपर सूनबाईच्या बाजूला येऊन पडलं होतं. तिने ते दोनदा सारलं आणि मग नाद सोडला.

दुसरी बॅटरी तीन तास चालायला हवी होती. ती दोन तास वीस मिनिटांत संपली.

शिट्टी वाजली तेव्हा दोघांनीही एकदमच घड्याळ पाहिलं. सूनबाईने बॅटरी बदलली. मग तिला यंत्राच्या वरचं बटण दिसलं आणि सगळा उलगडा झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर हवा विरळ असते, विमान सुटलं की दोन नंबरचं यंत्र तीनवर करायचं. तिने सुटताक्षणी केलंही होतं. पण खोक्यावर छापलेले तीन तास दोन नंबरचे होते.

"तीन उरल्या," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन-वीसच्या तीन म्हणजे सात तास. आत्ता तीन तास झालेत. दहाव्या तासाला सगळं संपेल, आबा. पुढचे दोन तास दहा मिनिटं काय करायचं?"

आबांचे ओठ हलत होते. ते पुन्हा गुणाकार करत होते आणि उत्तर तेच येत होतं.

ती उशीवाल्यांच्या गुडघ्यांवरून कशीबशी बाहेर पडली आणि मागे चहाची भांडी लावत असलेल्या हवाई सेविकेकडे गेली. ती या विमानातली सगळ्यांत वरची असावी. डोक्यावर घट्ट अंबाडा, चेहऱ्यावर न ढळणारं हसू. सूनबाईचं बोलणं संपेपर्यंत ते हसू पार मावळलं होतं.

"खुर्चीतल्या सॉकेटवर चालेल का यंत्र?"

"त्यावर फोन तेवढा चार्ज होतो, ताई. यंत्र नाही चालणार."

"विमानात ऑक्सिजन असेलच ना तुमच्याकडे?"

"सिलिंडर आहेत, पण कोणाला काही झालं तर लागणारे. त्यातला एक मी देऊ शकते. सव्वा तास चालेल."

दोन-दहातून सव्वा गेला. पंचावन्न मिनिटं उरली. सूनबाईने बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं.

अंबाडेवालीने फोन उचलून कॅप्टनशी बोलणं केलं. मग ती सूनबाईबरोबर खुर्चीपर्यंत आली आणि उशीवाल्यांच्या डोक्यावरून, शक्य तितक्या हळू, आबांना म्हणाली, "काका, कॅप्टन म्हणतायत, वाट वाकडी करून इथून दीड तासावर एका मोठ्या शहरात उतरता येईल. तिथे चांगलं हॉस्पिटल आहे. पण ते पुढच्या चाळीस मिनिटांत ठरवायला हवं. त्यानंतर आपण समुद्रावर जातो, आणि मग चार तास उतरायला जागाच नाही."

"बाकीच्यांना किती उशीर होईल?" आबांनी विचारलं.

"त्याची काळजी तुम्ही नका करू."

"किती?"

"दोन तास चाळीस मिनिटं तरी."

"माणसं किती आहेत विमानात?"

"दोनशे शहाऐंशी."

आबांनी डोळे मिटले. "सातशे बासष्ट तास चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "लोकांच्या आयुष्यातले एवढे तास एका म्हाताऱ्यासाठी? छे. पुढे चला."

"आबा!" सूनबाईचा आवाज चढला. पुढच्या रांगेतलं एक डोकं वळलं.

"अगं, उपाय आहे. यंत्र दोनवर कर. दोनवर बॅटरी तीन तास जाते. तीन त्रिक नऊ, म्हणजे बाराव्या तासापर्यंत. वर या बाईंचा सव्वा तासाचा सिलिंडर. सव्वातेरा झाले. तासभर उरतो." त्यांनी समोरच्या खिशातली कागदी पिशवी काढली, खिशातलं पेन काढलं आणि तिच्यावर रकाने पाडायला सुरुवात केली. "बोलायचं नाही. उठायचं नाही. गरम काही प्यायचं नाही. दर अर्ध्या तासाला बोटाचा आकडा लिहायचा. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर बघू."

बोटाला लावायचा एक चिमटा होता. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते तो दाखवायचा. घरी आबांचा आकडा ब्याण्णवच्या आसपास असायचा. सूनबाईने अंबाडेवालीकडे पाहिलं, अंबाडेवालीने घड्याळाकडे. "वीस मिनिटं करून बघा," ती म्हणाली. "मी कॅप्टनना सांगते."

यंत्र दोनवर गेलं. फुस्स आणि फुस्स यांच्यातलं अंतर वाढलं. सूनबाई चिमट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. एक्क्याण्णव. नव्वद. बराच वेळ नव्वद. एकोणनव्वद. आबा शहाण्या मुलासारखे हात मांडीवर ठेवून बसले होते आणि प्रत्येक आकडा रकान्यात लिहीत होते, खाली एक रेघ मारून. तिला त्यांचा राग येत होता आणि त्याच वेळी त्यांना कुशीत घ्यावंसं वाटत होतं.

बारा मिनिटं झाली तेव्हा अंबाडेवालीने मागून खूण केली. कॅप्टनला फोनवर आजाराची माहिती हवी होती. औषधं कुठली, वय किती, आधी कधी बेशुद्ध पडले होते का. सूनबाई उठली. सगळं सांगून परत यायला तिला सात-आठ मिनिटं लागली असतील.

ती वाटेतच उभी राहून म्हणाली, "किती?"

आबांनी मधल्या रिकाम्या खुर्चीवर पांघरूण पसरलं होतं. त्यांनी त्याची कड उचलून दाखवली. चिमट्यावर हिरवा आकडा लखलखत होता. अठ्ठ्याण्णव.

सूनबाईच्या जिवात जीव आला. तो टिकला असेल चार सेकंद. अठ्ठ्याण्णव आबांना गेल्या कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. तिने पांघरूण खसकन ओढलं. चिमटा एका गुबगुबीत, केसाळ बोटाला लावलेला होता, आणि त्या बोटाचे मालक डोळ्यांवर पट्टी बांधून शांतपणे घोरत होते.

दुसरा प्रसंग असता तर ती पोट धरून हसली असती. तिने उशीवाल्यांना ओलांडलं, चिमटा काढला आणि आबांचा हात पकडला. बोटं गार होती. नखं जांभळी पडली होती. आकडा यायला वेळ लागला, आणि आला तो एक्क्याऐंशी.

"आबा, काय केलंत हे?"

"होईल... ठीक," आबा म्हणाले. दोन शब्दांत त्यांना एकदा थांबावं लागलं. ओठांचा रंग शाईसारखा दिसत होता.

तिने यंत्र तीनवर केलं आणि डोक्यावरचं बटण दाबलं. दाबतच राहिली. अंबाडेवाली धावत आली, तिच्या हातात सिलिंडर होता.

"उतरवा," सूनबाई म्हणाली. "कॅप्टनला सांगा, उतरवा."

आबांनी तिचं मनगट धरलं. अंगात त्राण नव्हतं, तरी पकड घट्ट होती. "गाडी थांबवू नको," ते म्हणाले. "सूनबाई. माझ्यासाठी गाडी... थांबवू नको."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत तिने आबांचा शब्द एकदाही मोडला नव्हता. चहा किती वाजता, दिवा किती वाजता, सगळं त्यांच्या घड्याळाने. तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

"मी सांगतेय ना," ती अंबाडेवालीला म्हणाली. "त्यांचं ऐकू नका. मी त्यांची सून आहे. उतरवा."

विमान डावीकडे कललं. ऊन एका बाजूच्या खिडक्यांतून दुसऱ्या बाजूला गेलं आणि लोक जागे व्हायला लागले. कॅप्टनने सांगितलं की एका प्रवाशाच्या तब्येतीमुळे आपण वाटेत उतरत आहोत. कुजबूज सुरू झाली. मागून कोणी तरी मोठ्याने म्हणालं, "आता माझं पुढचं विमान गेलं!" उशीवाल्यांनी पट्टी वर केली, आबांच्या तोंडावरचा मास्क पाहिला, आपल्या बोटावर उमटलेल्या वळाकडे नवलाने पाहिलं आणि काहीच न विचारता उठून सूनबाईला बाहेरची जागा मोकळी करून दिली. आबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. पूर्ण दीड तास त्यांनी ते इकडे वळवलं नाही. आकडा चढत चढत नव्वदवर आला, तेव्हा सूनबाईला आपण रडतोय हे कळलं.

विमानतळावरच्या दवाखान्याची खोली लहान होती. एक खाट, एक वजनकाटा, भिंतीला लावलेला माणसाएवढा सिलिंडर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आबांना तपासलं, गाडी येईपर्यंत हलू नका म्हणाल्या आणि हॉस्पिटलला फोन करायला बाहेर गेल्या. खिडकीतून विमान दिसत होतं. त्याच्या पंखाला इंधनाची नळी लावलेली होती. मग नळी निघाली, दार लागलं, आणि विमान त्यांच्यावाचून निघून गेलं.

आबांनी घड्याळात पाहिलं. सवयच ती.

"लोक काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. मास्कमुळे आवाज खोलातून आल्यासारखा येत होता.

"एकाचं पुढचं विमान चुकलं म्हणे."

"आणखी?"

"काही नाही."

"खरं सांग. शिव्या दिल्या असतील."

"नाही, आबा. आपल्या शेजारचे उशीवाले म्हणाले, सांभाळून न्या त्यांना. एका बाईंनी माझ्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. बाकीचे आपापल्या फोनमध्ये होते. बस, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

आबांनी नजर सिलिंडरच्या काट्याकडे वळवली आणि म्हणाले, "मी आधी कंट्रोलला होतो. वेळापत्रकाच्या आधी. कुठली गाडी कुठे थांबवायची, ते माझ्या हातात असायचं."

आबा कधी आधीचं काही सांगत नसत.

"तुझी सासू माहेरी होती. छोटं स्टेशन. रक्त जायला लागलं. तिथल्या मास्तरने मला फोन केला, मेल चार मिनिटं थांबवा, हिला चढवतो, तासाभरात मोठ्या हॉस्पिटलात पोहोचेल. मेल तिथे थांबत नव्हती. मी म्हटलं, घरच्या माणसासाठी गाडी थांबवली तर उद्या प्रत्येकासाठी थांबवावी लागेल. लोक काय म्हणतील? जीपने आणा." त्यांनी मास्क थोडा उचलला, श्वास घेतला, पुन्हा बसवला. "जीपने आणलं. अडीच तास लागले."

सूनबाईला फक्त एवढंच ठाऊक होतं की नवरा सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि तेव्हा वेळेवर वाहन मिळालं नव्हतं. घरात हे असंच सांगितलं जायचं. नवराही असंच सांगायचा.

"आज दोन तास चाळीस मिनिटं झाली ना गं?" आबा म्हणाले. "आणि कोणी काही म्हणालं नाही. तर त्या चार मिनिटांना कोण काय म्हणालं असतं?"

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मास्कच्या कडेला अडत होतं. तिने पदराने ते टिपलं. पुन्हा आलं, पुन्हा टिपलं.

तिच्या पर्समधला फोन वाजायला लागला. नवऱ्याचा होता. विमान मध्येच उतरल्याचं त्याला तिकडे कळलं असणार. तिने फोन हातात घेतला आणि काय बोलावं ते जुळवू लागली.

आबांनी मास्क खाली ओढला आणि हात पुढे केला.

"दे इकडे," ते म्हणाले. "त्याला मीच सांगतो."